कोथिंबिरीपर्यंत वाचलेली भेळ

भेळेत शिजवण्याजोगं काही उरलेलं नसतं. भेळवाल्याच्या हाताशी येतात तेव्हा कुरमुरे तापल्या वाळूत फुलून आलेले असतात, शेव आणि पुरी तळून झालेली असते, बटाटा उकडलेला आणि चिंचेची चटणी आटवलेली असते. विस्तवाशी संबंध असलेली सगळी कामं कुणीतरी, कुठेतरी, आधीच उरकलेली. गाडीवर उरतं ते संपादन. काय घ्यायचं, किती घ्यायचं आणि कशानंतर घ्यायचं, या तीन प्रश्नांच्या उत्तरांवर एक भेळवाला लक्षात राहतो आणि शेजारचा राहत नाही. सामान दोघांकडे तेच, पुष्कळदा एकाच घाऊक दुकानातून आलेलं. रस्त्यावरच्या खाण्यांपैकी रसग्रहणासाठी भेळ मला सगळ्यात जवळची वाटते ती यामुळे. तिच्यातलं कसब वाटणाच्या गुपितात दडलेलं नसतं. ते आपल्या डोळ्यांसमोर, हातभर अंतरावर घडतं.

हे सगळं उघड्यावर घडतं म्हणूनच दुसरा एक प्रश्न टाळता येत नाही. बाहेरचं खाऊ नये हे प्रत्येकाला घरातून बजावलेलं असतं आणि प्रत्येकाने ते मोडलेलं असतं. त्यातून एक समजूत मुरली आहे, की जे जिभेला आवडतं ते पोटाला बाधणारच. चव आणि स्वच्छता यांचं जन्माचं वाकडं. भेळ शांतपणे वाचली तर हे भांडण बरंचसं खोटं निघतं. बरंचसं, सगळं नव्हे. ज्या जागी ते खरं ठरतं ती जागा लहान आहे, हिरवी आहे आणि थाळीत सगळ्यात शेवटी पडते.

गिरगाव चौपाटीवरची ओली भेळ घेऊ, मध्यम तिखट. पातेल्यात आधी कुरमुरे, मग चुरलेली पुरी, बटाट्याच्या फोडी, कांदा, मसाल्याची डाळ. त्यावर चटण्या: गोड, तिखट, हवी असेल तर लसणाची. मग पातेल्याच्या कडेवर डावाचे ठोके देत चार-पाच वेळा वरखाली. थाळीत ओतल्यावर वरून शेव, हंगाम असेल तर कैरीचे बारीक तुकडे, लिंबाचे चार थेंब आणि कोथिंबीर. मिनिटभराचं काम. या मिनिटात जो क्रम पाळला जातो त्यात एक नेमका विचार आहे. चटणी कुरमुऱ्याला लागली की त्याचं आयुष्य मोजलेलं असतं. पहिल्या घासाला तो कुरकुरतो, मधल्या घासाला अर्धा नमतो, शेवटी तळाशी उरलेला ओला, आंबटगोड लगदा बोटाने पुसून खायचा असतो. चांगला भेळवाला हे तिन्ही टप्पे डोक्यात ठेवूनच पातेलं हलवतो. शेव तो शेवटी वरून घालतो, कारण सुरुवातीचा करकरीतपणा पुढे दोन-तीन घास टिकावा. पार्सल मागितलं तर चटण्या वेगळ्या बांधून देतो. घरी पोचेपर्यंत भेळ टिकत नाही हे त्याला माहीत असतं आणि आपल्या नावावर मेलेली भेळ खपवायची त्याची तयारी नसते.

आता हेच अन्नसुरक्षेच्या बाजूने पाहा. बाहेरचं बाधतं त्याच्या मोठ्या कारणांपैकी एक म्हणजे सकाळी करून संध्याकाळपर्यंत ठेवलेलं ओलं अन्न. कालवलेली भेळ तशी ठेवताच येत नाही. दहा मिनिटांपूर्वी कालवलेली भेळ पहिल्या घासालाच कळते आणि गिऱ्हाईक थाळी परत सरकवतं. समोर बनवा, लगेच द्या, लगेच खा, हा नियम कुठल्या पाटीवर लिहावा लागत नाही. कुरमुराच त्याची अंमलबजावणी करतो.

कुरकुरीतपणाचं महत्त्व एवढ्यावर संपत नाही. जंतूंना वाढायला पदार्थात मोकळं पाणी लागतं. हे मोकळं पाणी शून्य ते एक अशा मापावर मोजतात. साधारण ०.८५ च्या खाली रोगजंतूंची वाढ थांबते आणि ०.६ च्या खाली बुरशीलाही थारा मिळत नाही. जिभेला कुरकुरीत लागणारा कुरमुरा, शेव, पुरी ही मंडळी या मापावर त्याहून बरीच खाली असतात. म्हणजे दाताखाली होणारा आवाज हा आनंदही आहे आणि दाखलाही. डबा नीट झाकला नसेल, दमट हवा शिरली असेल, तर आधी आवाज जातो आणि मग बाकीचं बिघडायला सुरुवात होते. शेवेचंही तसंच. पुन्हा पुन्हा तापवलेल्या तेलाविषयी अन्नसुरक्षा प्राधिकरणाने १ जुलै २०१८ पासून मर्यादा घातली आहे. तळून तळून तेलात साठत जाणारे विघटित घटक २५ टक्क्यांच्या वर गेले की ते तेल टाकून द्यायचं. ते मोजायला यंत्र लागतं. पण खवट शेव ओळखायला खाणाऱ्याला यंत्र लागत नाही. इथपर्यंत रसिक आणि अन्न निरीक्षक एकाच बाजूला उभे असतात.

चटण्यांकडे आलं की भेळेचा खरा पोत उलगडतो. गोड चटणी चिंच, गूळ आणि खजुराची. ती उकळून आटवलेली असते. चिंचेतलं आम्ल इतकं कडक असतं की गुळाच्या गोडीखालीसुद्धा ते सपशेल झाकलं जात नाही. आधी आंबट, मागाहून गोड, आणि अगदी शेवटी खजुराचा दाटपणा. चांगल्या गोड चटणीची खूण हीच, की तिन्ही चवी वेगळ्या ओळखू याव्यात. उकळ, आंबटपणा आणि साखर असे तीन पहारे तिच्यावर बसलेले असतात. आम्लतेच्या मापावर ४.६ ही रेषा अन्नशास्त्रात महत्त्वाची मानतात. तिच्याखाली सगळ्यात घातक जंतूंपैकी काही वाढूच शकत नाहीत. चिंच त्या रेषेच्या पुष्कळ खाली असते. आजीच्या हातची चिंचेची चटणी दुसऱ्या दिवशी जास्त मुरलेली लागायची आणि बाधायचीही नाही, ती यामुळेच.

तिखट हिरवी चटणी तिच्या उलट स्वभावाची. पुदिना, कोथिंबीर, मिरची, मीठ, पाणी, विस्तव नाही. तिचं सौंदर्य कच्चेपणात आहे. वाटल्यापासून पहिले काही तास ती झणझणीत आणि सुगंधी असते, मग रंग काळपटतो आणि वासातला पुदिना मागे पडून नुसता गवतासारखा वास उरतो. मीठ आणि लिंबू सढळ असेल तर ती जास्त टिकते आणि जास्त चांगलीही लागते. गर्दी वाढल्यावर तिच्यात पाणी घालून ती पुरवली जाते, तेव्हा भेळेत हिरवी चटणी आहे पण तिचा चटका नाही असं होतं. पातळ चटणी ही चवीची चूक आणि त्याच वेळी धोक्याची सूचना. मीठ-आंबटाचं प्रमाण मोडलेलं असतं आणि वर घातलेलं पाणी कुठलं हा प्रश्न उरतो.

बटाटा हा भेळेतला अबोल घटक. त्याला स्वतःचं म्हणणं नसतं; तो बाकीच्यांचा तिखट-आंबट आवाज मऊ करतो. याच सौम्यपणामुळे तो कच्चा दुवा ठरतो. तो आंबट नाही, कोरडा नाही, आणि मातीतून आलेल्या काही जंतूंची बीजं उकळीतूनही वाचतात. पाच ते साठ अंश सेल्सिअस या टप्प्यात उकडलेला बटाटा तासन्‌तास राहिला तर ती बीजं जागी होतात. चौपाटीवरचा उकाडा बरोबर या टप्प्याच्या मधोमध बसतो. दुपारीच सोलून मनोरा रचून ठेवलेला बटाटा दिसायला झोकदार असतो. पण मला तो भेळवाला जास्त आवडतो जो बटाटे सालीसकट झाकून ठेवतो आणि लागतील तसे सोलतो. त्याच्या फोडींच्या कडा कोरड्या पडलेल्या नसतात, म्हणून चटणी त्यांना नीट धरते. चवीची जाण आणि काळजी इथेही एकाच हातात असतात.

वाढण्याच्या रीतीकडेही पाहायला हवं. चमच्याऐवजी चपटी पुरी देणं ही मुंबईच्या रस्त्याने लावलेली फार देखणी युक्ती. धुवावं लागेल असं काही मागे उरत नाही आणि शेवटचा घास म्हणून चमचाच खाऊन टाकता येतो. वर्तमानपत्राचा पुडाही तसाच देखणा होता, पण तो गेला हे बरंच झालं. छपाईच्या शाईतली रसायनं ओल्या, आंबट, तेलकट खाण्यात उतरतात, म्हणून २०१८ च्या पॅकेजिंग नियमांनी अन्न वर्तमानपत्रात गुंडाळायला मनाई केली. दुसरा एक बदल कुठल्याही नियमाशिवाय घडला. गाडीवर क्यूआर कोडची चौकट लटकू लागली आणि नोटा घेणारा हात पातेल्याकडे परत जायचा थांबला. स्वच्छतेच्या किती मोहिमांना हे साधलं नव्हतं, आणि सुट्ट्या पैशांच्या कटकटीने साधून दिलं.

इथपर्यंत भेळ निर्दोष म्हणावी इतकी सुबक आहे. कोरडं कोरडं ठेवलेलं, ओलं आंबटाने राखलेलं, सगळं डावाने आणि पळीने हाताळलेलं, समोर बनवलेलं. आणि मग भेळवाला डाव बाजूला ठेवतो, उघड्या थाळीतून बारीक चिरलेल्या कोथिंबिरीची चिमूट उचलतो आणि वरून सोडतो.

ही चिमूट नसेल तर भेळ पुरी होत नाही. तिखट, आंबट, गोड, खारट अशा सगळ्या मोठ्या आवाजांच्या वर एक ताजा, किंचित लिंबासारखा वास पसरतो आणि घास हलका होतो. पण नीट पाहिलं तर भेळेला राखणाऱ्या प्रत्येक गोष्टीतून ही चिमूट निसटलेली आहे. ती शिजलेली नाही, कोरडी नाही, आंबट नाही. चिरल्यामुळे तिचा रस मोकळा झालेला आहे. हाताने घातली आहे, आणि तिच्यानंतर काही होणार नाही. तिच्यावर जे आलं ते तसंच तोंडात जाणार.

म्हणून माझं रसग्रहण थाळीच्या कडेशी थांबत नाही. कोथिंबीर जमिनीलगत वाढते. पाऊस आणि पाट दोन्ही तिच्यावर माती उडवतात. मुळांसकट, चिखलासकट तिची जुडी बांधली जाते. नाशिक, नारायणगावच्या बाजारांत जुड्यांचे लिलाव होतात, तिथून माल रात्रीच्या गाड्यांनी वाशीच्या बाजार समितीकडे जातो, मग भायखळा, दादर, आणि शेवटी गल्लीतली पाटी. वाटेत ती कोमेजू नये म्हणून तिच्यावर पाणी शिंपडलं जातं, एकदा नव्हे, अनेकदा. ते पाणी कुठल्या बादलीतलं होतं ते पान सांगत नाही. टवटवीत दिसणं आणि स्वच्छ असणं इथे पहिल्यांदाच वेगळं होतं, आणि डोळ्याला, जिभेला, नाकाला त्यातला फरक कळत नाही. खवट शेव ओळखणारा रसिक इथे निरक्षर ठरतो.

मग पाला जवळून आणावा, हा उपाय सहज सुचतो. मुंबईने तोही करून पाहिला आहे. लोकलच्या दारात उभं राहिलेल्या प्रत्येकाने रुळांकडेची शेती पाहिलेली असते: पालक, लाल माठ, मुळा, भेंडी, अळू. रेल्वेच्या रिकाम्या जमिनीवर अतिक्रमण होऊ नये म्हणून ‘ग्रो मोअर फूड’ योजनेखाली हे पट्टे नाममात्र दराने रेल्वे कर्मचाऱ्यांना देण्यात आले. प्रत्यक्ष राबणारे हात पुष्कळदा उत्तरेकडून पोटासाठी आलेल्या माणसांचे. त्या वाफ्यांची आखणी पाहण्यासारखी असते. रूळ आणि भिंत यांच्यामधल्या चिंचोळ्या पट्टीत एक वाफा कापणीला आलेला, दुसरा गुडघ्याखाली, तिसरा नुकता पेरलेला, म्हणजे रोज काहीतरी विकायला असावं. पहाटे कापलेली जुडी सकाळच्या बाजारात उभी राहते. ताजेपणाच्या कसोटीवर नाशिकची जुडी तिच्यापुढे हरते.

पण या शेतीला पाणी लागतं आणि रुळांलगत जे वाहतं तो नाला असतो. अशा पाण्यावर दोन वेगळी संकटं येतात आणि आपण ती एकत्र मोजतो. एक जंतूंचं. ते उष्णतेला घाबरतं. पालकाची भजी कढत तेलातून निघाली की ते बरंचसं संपतं. दुसरं शिसं, कॅडमियम अशा जड धातूंचं. ते मुळांतून पानात शिरतं, पालेभाजीत ते विशेष साठतं, आणि धुऊन, उकळून, तळून काही केलं तरी जात नाही. एवढ्या सूक्ष्म प्रमाणात जिभेला त्याचा पत्ताही लागत नाही. शेत जवळ आहे एवढ्यावरून ते चांगलं ठरत नाही. शहरातल्या शेतीचा पहिला प्रश्न अंतराचा नसतो, पाण्याचा आणि मातीचा असतो.

याच शहरात दुसरं एक उदाहरण आहे. मुंबई पोर्ट ट्रस्टच्या मध्यवर्ती स्वयंपाकघराच्या गच्चीवर २००२ मध्ये प्रीती पाटील यांनी बाग सुरू केली. कोल्हापूरचे गणिताचे प्राध्यापक श्री. अ. दाभोळकर यांच्या ‘प्रयोग परिवार’ या शेती-चळवळीच्या विचारातून आलेली ही वाट. माती विकत आणायची नाही. पालापाचोळा, उसाचं चिपाड आणि स्वयंपाकघरातला ओला कचरा कुजवून ती घडवायची. खाली कर्मचाऱ्यांसाठी रोजचं जेवण रांधलं जातं, त्याची सालं आणि देठं वर जातात आणि माती होऊन पानाफळांत उतरतात. इथे पाणी नळाचं आणि मातीचा जन्मदाखला हातात असतो.

गच्च्यांनी मुंबईला जेवू घालता येईल, असं म्हणणाऱ्यांशी मी सहमत नाही. कांदा, बटाटा, तांदूळ गच्चीवर पिकवणं ही हौस झाली. पण भेळेची थाळी आपल्याला नेमकी जागा दाखवते. शहराच्या आत पिकवायचं तर जे झटकन कोमेजतं, चिमटीने लागतं आणि कच्चं खाल्लं जातं ते पिकवावं. पुदिना देठ खोचला की लागतो, क्रेटमध्ये पसरतो, कापला की पुन्हा फुटतो. कोथिंबीर महिना-दीड महिन्यात हाताशी येते. मुंबईच्या पावसात ती कुजते, तेव्हा तिला डोक्यावर छप्पर लागतं, हेही मान्य करायला हवं. चौपाटीच्या आसपासच्या गच्च्यांनी हा हिरवा भाग उचलला आणि गाड्यांवरची बटाट्याची सालं, कोथिंबिरीची मुळं त्यांच्या मातीत गेली, तर भेळेचा सगळ्यात कच्चा दुवा आणि शहरी शेतीची सगळ्यात पक्की बाजू एकमेकांना मिळतील. बाकी भेळ दुरून येऊ दे. ती दुरून येण्यासाठीच बनलेली आहे.

उरतं पाणी. मुंबईला नळाचं पाणी विहार तलावातून १८६० मध्ये आलं. तानसा, वैतरणा, भातसा त्यानंतर जोडली गेली. शुद्धीकरण होऊन निघालेल्या त्या पाण्याविषयी तक्रारीला फारशी जागा नाही. तक्रार नळाच्या पुढची आहे: ठरावीक तासांचा पुरवठा, भरून ठेवलेलं पिंप, त्यात बुडणारा तांब्या, त्यातच बुचकळली जाणारी न सोडलेली जुडी. जुडी सोडून, भरपूर पाण्यात दोन-तीनदा धुवायची, तर गाडीपाशी वाहतं पाणी हवं. बर्फाबाबत राज्याच्या अन्न आणि औषध प्रशासनाने २०१८ मध्ये एक चतुर तोडगा काढला होता: खाण्यायोग्य नसलेल्या बर्फात निळा रंग घालायची सक्ती. जिभेला न कळणारी गोष्ट डोळ्याला कळावी, एवढाच त्याचा हेतू. पाण्याला मात्र असा रंग देता येत नाही. तिथे नळच द्यावा लागतो.

आणि इथे दोन कायदे एकमेकांकडे पाठ करून उभे आहेत. २००६ चा अन्नसुरक्षा कायदा आणि त्याखालची २०११ ची नियमावली लहानातल्या लहान विक्रेत्यालाही नोंदणी करायला आणि पिण्यायोग्य पाणी वापरायला सांगते. २०१४ चा पथविक्रेता कायदा त्याला जागा, प्रमाणपत्र आणि नगर पथविक्रेता समितीत आवाज द्यायला सांगतो. त्या समितीत ४० टक्के प्रतिनिधी विक्रेत्यांचे असावेत असंही लिहून ठेवतो. मुंबईत दुसऱ्याची अंमलबजावणी वर्षानुवर्षं रेंगाळली, म्हणून पहिल्याची अपेक्षा हवेत राहते. पालिकेची गाडी दिसताच ज्याला सामान गुंडाळून पळायचं असतं, तो सांडपाण्याची मोरी बांधणार नाही. जिथे जागा, नळ, निचरा आणि प्रशिक्षण एकत्र आलं तिथे फरक पडला. अहमदाबादच्या कांकरिया तलावाकाठच्या खाऊगल्लीला २०१८ मध्ये देशातलं पहिलं स्वच्छ खाऊगल्लीचं प्रमाणपत्र मिळालं ते अशाच जोडणीतून. तिथे गाडीवाल्यांना नव्याने चव शिकवावी लागली नाही.

तेव्हा अभिप्राय असा. भेळवाल्याच्या हातात जे आहे, म्हणजे क्रम, प्रमाण, वेळ, झाकण, आंबट-मिठाचा तोल, त्यात चव आणि सुरक्षितता ही एकाच शिस्तीची दोन फळं आहेत, आणि चांगला कारागीर ती दोन्ही न सांगता देतो. त्याच्या हाताबाहेर दोनच गोष्टी राहतात, पाला आणि पाणी, आणि त्या दोन्हींविषयी माझी जीभ मुकी आहे. म्हणून भेळ सांगताना ‘कांदा जास्त’च्या जोडीने मी आता कोथिंबीर कुठली आणि कशात धुतली हेही विचारतो. पहिल्यांदा माणूस चमकून बघतो. पुढच्या वेळी आपणहून सांगतो. जुडी सोडून धुतलेली असेल, पुदिना शेजारच्या गच्चीवरचा असेल, तर प्लेटमागे पाच रुपये जास्त द्यायला माझी ना नाही. नळाचे पैसे मात्र मी कर भरताना दिलेले आहेत. ते भेळवाल्याकडे मागायचे नाहीत.